परतीची हवा

तुमच्या संगणकाच्या कॅबिनेटच्या मागच्या जाळीपाशी मी कागदाची पट्टी धरून उभा राहिलो, तेही एकदा नाही, तीनदा, तेव्हा तुम्ही हसलात. हसण्यासारखंच आहे ते. पण आता हे यंत्र तासभर चालवून ताप बघायचा आहे आणि तोवर तुम्हाला इथेच बसावं लागणार आहे. तर ऐका.

माझ्याकडे येणाऱ्या दहा संगणकांतले सात तापाचे रोगी असतात. लोक येऊन सांगतात, व्हायरस आलाय, मदरबोर्ड गेलाय, कुणीतरी नजर लावलीय. उघडून बघावं तर आत धुळीची गोधडी. पुढून, खालच्या अंगाने गार हवा आत यावी, तापलेल्या भागांवरून फिरावी आणि मागून, वरच्या अंगाने बाहेर पडावी, एवढंच शास्त्र आहे. घराला पुढचं दार आणि मागचं दार असतं, तसं. दोन्ही उघडी असली की वारा आपोआप खेळतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, पण ठाम. "आमचा संगणक दहा मिनिटांत बंद पडतो. घरी येऊन बघाल का? तो जागेवरून हलवायचा नाहीये."

घर रस्त्याच्या अगदी टोकाला होतं. बंद पडलेली लाकडाची वखार ओलांडली की पुढे ते एकच दुमजली घर. खालच्या मजल्याला कुलूप, बाहेरून सिमेंटचा जिना. दार बाईंनीच उघडलं. पंच्याहत्तरीच्या असतील. लहानखुऱ्या, ताठ, केस नीट बांधलेले. मी त्यांना काकू म्हणू लागलो. पाण्याचा तांब्या पुढे करत त्या म्हणाल्या, "आधी पाणी प्या, उन्हातून आलात," आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

खोलीत अंधार होता. एकुलती एक खिडकी बंद, तिच्यावर जाड पडदा. भिंतीलगत लोखंडी पलंग, गादी काढून टाकलेली, नुसत्या पट्ट्या उरलेल्या. समोर टेबल, त्यावर मॉनिटर, आणि टेबलाशेजारी एका स्टुलावर, एखाद्या मानाच्या वस्तूसारखं ठेवलेलं ते काळं कॅबिनेट.

"यांचं आहे," काकू म्हणाल्या. "जाऊन दोन वर्षं झाली यांना. दमा... शेवटी शेवटी तर दोन शब्द बोलायचे तरी मध्ये थांबावं लागायचं. पण जाताना बजावून गेले, हे बंद पडू देऊ नकोस. दिवसरात्र चालू ठेव. मी ठेवलंय. आता हेच आपणहून बंद पडतं."

"कशासाठी वापरता तुम्ही?"

"मी? मला नुसतं बटण दाबता येतं."

मी यंत्र सुरू केलं. काहीही काम न करता ताप चौऱ्याण्णववर. हात लावला तर पत्रा तव्यासारखा. मी ते बंद केलं, वायर काढली आणि बाजूचा पत्रा उघडला.

धूळ होती, पण तिच्यात घरातल्या धुळीसारखी करडी लव नव्हती. काळीभोर, जड, बोटांना तेलकट लागणारी, आणि विजेरीच्या उजेडात बारीक चमकणारी. मी आजवर गिरणीतलं पीठ यंत्रातून काढलंय, सुताराचा भुसा काढलाय, एकदा तर उंदराचं अख्खं बिऱ्हाड काढलंय. ही धूळ कसली, ते मला कळेना.

मग पंखे बघितले. पुढे दोन, वर एक, मागे एक. चारही पंख्यांची तोंडं आतल्या बाजूला! चारही हवा आत ढकलणारे, बाहेर काढणारा एकही नाही. त्यातही मागच्या पंख्याभोवतीची जाळी आणि प्रत्येक फट आतून चिकटपट्टी लावून बुजवलेली होती, आणि पट्टीच्या कडांवर मातीचा लेप. साधी चिकणमाती, वाळून भेगाळलेली. लेप इतका नेटका होता की कुणीतरी मन लावून, बोटांनी गुळगुळीत केलेला दिसत होता.

"काकू, हे कुणी केलंय?"

"यांनीच. स्वतः जोडलंय हे यंत्र. का?"

"चुकलंय त्यांचं. इतकी वर्षं हे चाललं तेच नवल आहे. हवा नुसती आत ढकलून भागत नाही. बाहेर जायला वाट नसेल तर नवी हवा आत शिरणार कशी? पंखे फिरतात, आवाज येतो, आपल्याला वाटतं हवा जातेय."

काकूंनी वाकून आत बघितलं.

"म्हणजे... आत काही जातच नव्हतं?"

"नाही ना. नुसते पंखे फिरत होते."

हे मी सहज बोलून गेलो. पण त्या पलंगाच्या कडेवर बसल्या, हळूच, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून बसवावं तशा. मी ब्लोअर लावून ती काळी धूळ खिडकीबाहेर उडवायला निघालो, तर खिडकी उघडेना. तिच्या फटीही तशाच लिंपलेल्या. मग मी पिशवीत धरून साफ करू लागलो. ब्लोअरचा आवाज थांबला तेव्हा काकू बोलत होत्या, आणि कधीपासून बोलत होत्या कोण जाणे.

"...खाणीत होते हे. खाली हवा खेळती ठेवायची, हेच यांचं काम. कुठला दरवाजा उघडायचा, कुठला लावायचा, सगळं यांच्या सहीने. आत जाणारी हवा ताजी. बाहेर येणारीला ते परतीची हवा म्हणायचे. म्हणायचे, परतीच्या हवेच्या वाटेने माणसाने चालायचं नसतं."

काकूंनी सांगितलं ते असं. एकतीस वर्षांपूर्वी एका बोगद्यात आग लागली. दगडी कोळशाची आग पाण्याने विझत नाही, तिचा श्वास कोंडावा लागतो. विटा आणि चिकणमातीने बोगद्याचं तोंड बंद करायचं, म्हणजे आत हवा जात नाही आणि आग आपोआप मरते. खाणीच्या बाकीच्या भागात तेव्हा दोनशे माणसं होती. आगीच्या पलीकडे सात. दोन तास वाट बघून काकांनी भिंत बांधायचा हुकूम दिला.

"त्या सातांत माझा धाकटा भाऊ होता. बाब्या म्हणायचो आम्ही. यांनीच चिकटवलं होतं त्याला कामावर." काकूंचा आवाज जराही हलला नाही. "मी यांना कधी दोष दिला नाही हो. सगळे म्हणाले, धुराने आधीच गेले होते ते. भिंत बांधली तेव्हा आत जिवंत कुणी नव्हतं. मी तेच धरून जगले. आणि जायच्या आठ दिवस आधी, या पलंगावर, यांनी मला सांगितलं की भिंत बांधून झाल्यावर आतून पाइपावर ठोकत होते. तीनदा ठोकायचे, थांबायचे, पुन्हा तीनदा. संध्याकाळी आठपर्यंत. हे भिंतीला हात लावून उभे होते तिथे... आठपर्यंत."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिलो. माणूस मरताना काय काय सांगून जातो आणि मागे उरलेल्याने ते कुठे ठेवायचं!

"आता कळलं मला," त्या म्हणाल्या. "त्या सातांपर्यंत हवा तर पोचवायची होती यांना. पण तिकडून काही येऊ द्यायचं धैर्य नव्हतं." मग उठून माझ्याजवळ आल्या. "तुम्ही ते मागचं उघडा. हवा नीट जाऊ दे."

मी माझं काम केलं. लेप खरवडला, पट्ट्या सोलल्या. मागचा आणि वरचा पंखा उलटा बसवला. आत लोंबणाऱ्या वायरी कडेला बांधल्या, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली, पत्रा बंद केला. सव्वाचार झाले होते. पडदा मी थोडा सरकवला होता, काचेतून उन्हाची पट्टी जमिनीवर पडली होती. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल अंधारात भास झाला.

यंत्र सुरू केलं. ताप अठ्ठावन्न, मग सत्तेचाळीस, मग चाळीस. मला बरं वाटलं. डॉक्टरला वाटतं तसं. मॉनिटरवरचा आकडा काकूंना दाखवत होतो, तेवढ्यात तो तेहतीसवर आला.

खोलीत तेव्हा छत्तीसची उष्णता होती. मी घामाने चिंब होतो. आणि तुम्हाला एक साधी गोष्ट सांगतो, पंखा कितीही भारी असो, तो खोलीतलीच हवा फिरवतो. खोलीपेक्षा गार तो काहीही करू शकत नाही.

एकोणतीस. चोवीस. एकोणीस.

तापमान मोजणारा भाग बिघडला असेल, असं मनाशी म्हणत मी मागच्या जाळीजवळ हात नेला. आणि झटकन मागे घेतला. हवा गार होती. ओली, जड, विहिरीत डोकावल्यावर तोंडावर येते तशी. वास आला. विझवलेल्या कोळशाचा, ओल्या मातीचा, आणि त्याच्याखाली माणसांचा. पुष्कळ माणसं एका बंद जागेत फार वेळ बसली की येतो ना, तो.

हवेची दिशा बघायला मी नेहमी कागदाची पातळ पट्टी वापरतो. ती जाळीपाशी धरली. पट्टी बाहेर उडाली, बरोबर. मग सैल पडली. मग आत ओढली गेली, जाळीला चिकटली. पुन्हा बाहेर. पुन्हा आत.

पंखा असं करत नाही. पंखा एकाच बाजूला फिरतो.

"काकू... जरा लांब व्हा," असं म्हणून मी वायर उपटली.

यंत्रावरचे दिवे विझले. पंखे हळू होत थांबले. खोलीत एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत कागदाची पट्टी बाहेर उडाली. सैल पडली. आत ओढली गेली. आता ऐकूही येत होतं. एकाचा श्वास नव्हता तो. कुणाचा लांब, कुणाचा धापा टाकणारा, एक तर खरखरणारा, एकमेकांत मिसळलेले...

मग ठोकल्याचा आवाज आला.

आधी वाटलं, गार होणारा पत्रा वाजला. पण आवाज पत्र्याचा नव्हता. लांबच्या लांब पाइपाच्या त्या टोकाला कुणी लोखंड आपटावं तसा, खोल. तीनदा. मग थांबला. पुन्हा तीनदा.

मी घाबरट नाही. पण त्या क्षणी माझ्या हाताने काय केलं ते सांगतो, कारण त्याची मला अजून लाज वाटते. मी पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढलं. दातांनी टोक तोडलं, आणि ती जाळी बुजवायला धावलो. विचार वगैरे काही नाही. बंद करायचं, बस्स.

काकूंनी माझं मनगट धरलं. त्या एवढ्याशा हातात इतका जोर कुठून आला कुणास ठाऊक.

"एकदा लिंपून झालंय," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "आता पुन्हा नाही."

माझ्या हातातून रीळ पडलं. काकू स्टुलासमोर गुडघ्यावर बसल्या, जाळीशी तोंड नेलं, त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस आतबाहेर हलू लागले. त्यांनी बोटाच्या पेराने पत्र्यावर ठोकलं. तीनदा.

आतले सगळे श्वास थांबले.

"बाब्या..." काकू म्हणाल्या. "ताई आहे मी. उघडलंय रे. ये..."

पुढचं मी ऐकलं नाही. जिना कसा उतरलो आठवत नाही. वखारीपाशी आलो तेव्हा उन्हातसुद्धा दात वाजत होते.

घरी बायकोला एवढंच सांगितलं की ऊन लागलं. ती म्हणाली, "ऊन लागलेल्या माणसाचे हात असे बर्फ होतात का?" आणि पुढे काही न विचारता पांघरूण आणून दिलं.

अठरा दिवसांनी काकूंचा फोन आला. आवाज प्रसन्न. "तुमचा तो धूळ उडवायचा पंप इथेच राहिलाय. आणि पडद्यावर काहीतरी आलंय, ते जरा बघून जा."

न जाण्याचीच इच्छा होती. पण दोन गोष्टी मनाला टोचत होत्या. एक, त्या म्हाताऱ्या बाईला तिथे तशी एकटी टाकून मी पळालो होतो. आणि दुसरी, पंखे मी उलटे केले होते. सकाळी अकरा वाजता गेलो, भर उजेडात.

दार सताड उघडं होतं. काकूंनी अंगात लोकरीचा स्वेटर घातला होता, आणि खोलीत शिरल्यावर का ते कळलं. श्वास सोडला की तोंडासमोर वाफ दिसत होती. यंत्र चालू होतं, शांत, निरोगी, माझ्या आयुष्यात मी इतकं सुरेख चालणारं यंत्र बघितलं नाही. मी लांबूनच कान दिला. पंख्यांचा आवाज, बाकी काही नाही.

"आता... ठोकत नाहीत?" मी विचारलं.

"आता कशाला ठोकतील?" काकू हसल्या. "आता चालतायत."

पडद्यावर एक नकाशा उघडलेला होता. काकांनी काढलेला, त्या जुन्या खाणीचा. पांढऱ्या जमिनीवर काळ्या रेघा, प्रत्येक बोगद्याची रुंदी, हवेच्या दिशेचे बाण. एका बोगद्याच्या तोंडाशी आडवी जाड रेघ, ती भिंत. आणि त्या भिंतीतून बाहेर पडलेली एक बारीक रेघ. ती खाणीच्या तोंडाकडे गेली नव्हती. सगळे बोगदे तोडत, खडकातून सरळ, खाणीची हद्द ओलांडून कोऱ्या जागेत आली होती. तिच्यावरच्या बाणांची टोकं रेघ जात होती त्याच दिशेला होती.

"मला तर उंदीर धरतासुद्धा येत नाही," काकू टेबलावरच्या माऊसकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी नुसती बघते."

मी रेघेच्या टोकाशी, काचेवर, नखाने खूण धरली. दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. दोन मिनिटांनी रेघ माझ्या नखाच्या पुढे गेली होती. केसभर. पण गेली होती.

"काकू, ही कुठे चाललीय?"

"मी विचारलं नाही. एकतीस वर्षं कोंडलेल्या माणसाला, कुठे निघालास म्हणून विचारायचं का?"

पंप उचलला आणि निघणार होतो. पण सवय वाईट. कुठलाही नकाशा बघितला की माझी नजर खाली उजव्या कोपऱ्यात जाते, जिथे तो कुणी काढला ते लिहिलेलं असतं. तिथे चौकट होती. आखणी, त्याच्यापुढे काकांचं नाव. तपासणी, कोरी. आणि तिसऱ्या ओळीत, परतीची हवा सोडण्यास परवानगी देणारा, त्याच्यापुढे माझं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. काकूंना मी दुकानाच्या नावापलीकडे काही सांगितलेलं नव्हतं.

नावाखाली एक तारीख आहे. मी पंखे बदलले त्या दिवसाची नाही ती, रेघ पोचायच्या दिवसाची असावी. ती अजून यायची आहे.